मुंबई बंदर : खाजगी कंपन्या व सरकारी सवलती (१८५८–७९)

मुंबई बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर भराव घालून धक्के, वखारी व गोद्या बांधण्यासाठी ब्रिटिश सरकारने एकोणिसाव्या शतकात खाजगी कंपन्यांना परवानग्या दिल्या. या परवानग्या व त्यांतून निर्माण झालेली व्यवस्था हा मुंबई बंदराच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा होय. १८५८ मध्ये स्थापन झालेल्या एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीपासून त्याचा आरंभ होतो. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला आणि १८७९ मध्ये किनारपट्टीवरील उरलेल्या खाजगी मिळकती विकत घेण्यात आल्या. तेथे हा टप्पा संपतो. या सु. वीस वर्षांत सरकारने किनाऱ्यावरील हक्क प्रथम भराव घालण्याच्या मोबदल्यात देऊन टाकले आणि पुढे तेच हक्क सार्वजनिक पैशाने परत विकत घेतले. भारतातील प्रमुख बंदरे सार्वजनिक विश्वस्त मंडळांच्या हाती असावीत, हे तत्त्व रूढ होण्यास मुंबईचा हा अनुभव बऱ्याच अंशी कारणीभूत झाला.

पार्श्वभूमी : मुंबईचे बंदर नैसर्गिक, खोल व नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून सुरक्षित आहे. १६६१ च्या विवाहकरारान्वये मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाकडे आली आणि १६६८ मध्ये ती ईस्ट इंडिया कंपनीला मिळाली. कंपनीने बंदरात प्रामुख्याने जहाजबांधणीची सोय केली. १७३६ मध्ये सुरतेहून आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया यांच्या देखरेखीखाली आरमारी गोदी वाढली. अठराव्या शतकाच्या मध्यास सुकी गोदी बांधली गेली व १८१० मध्ये डंकन गोदी पुरी झाली. व्यापारी मालाच्या चढउतारासाठी मात्र अशी कोणतीही मोठी योजना नव्हती. जहाजे बंदरात मध्यभागी नांगरून उभी राहत. माल पडाव व मचवे यांत उतरवून किनाऱ्यावरील लहानमोठ्या बंदरांपाशी आणला जाई. उधाणाच्या वेळी येथील भरती-ओहोटीतील फरक सु. ५ मी.पर्यंत जातो. त्यामुळे ओहोटीला पडाव चिखलात बसत आणि पुढच्या भरतीची वाट पाहावी लागे.

या पद्धतीत ज्याच्या हाती धक्का, त्याच्या हाती व्यापाराची नाडी अशी स्थिती होती. कार्नॅक बंदर, क्लेअर बंदर, मशीद बंदर, बोरी बंदर, अपोलो बंदर अशा नावांनी ओळखली जाणारी ठिकाणे म्हणजे मुळात माल उतरवण्याच्या जागाच होत. त्यांपैकी काही सरकारच्या, तर काही खाजगी मालकांच्या ताब्यात होत्या. भारताशी व्यापार करण्याची कंपनीची मक्तेदारी १८१३ मध्ये व चीनशी व्यापाराची १८३३ मध्ये संपली. त्यानंतर मुंबईत खाजगी व्यापारी पेढ्या वाढल्या, परंतु किनाऱ्यावरील सोयी त्या मानाने वाढल्या नाहीत. १८३८ मध्ये कुलाब्याचा बांध पूर्ण झाला व १८४४ मध्ये कापसाचा बाजार कुलाब्यास हलविण्यात आला. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरी बंदर ते ठाणे ही आगगाडी सुरू झाली. रेल्वेमुळे देशावरचा कापूस मोठ्या प्रमाणावर किनाऱ्यापर्यंत येऊ लागणार हे उघड होते. पण तो साठवण्यास, दाबून त्याच्या पक्क्या गाठी बांधण्यास व जहाजांवर चढवण्यास किनाऱ्यालगत पुरेशी जमीन नव्हती. रेल्वेच्या स्थानकालाही जागा अपुरी होती.

परवानगीची पद्धत : इंग्रजी विधितत्त्वाप्रमाणे भरती व ओहोटी यांच्या रेषांमधील जमीन राजसत्तेच्या मालकीची मानली जाते. त्यामुळे समुद्रात भराव घालू इच्छिणाऱ्या कोणासही प्रथम सरकारची संमती घ्यावी लागे. १८५८ नंतर या संमतीला तीन पायऱ्या होत्या. मुंबई सरकार अर्जदाराशी बोलणी करून अटी ठरवी. महत्त्वाच्या प्रकरणी त्या अटींना कलकत्त्याच्या हिंदुस्थान सरकारची मान्यता लागे. आणि मोठ्या आर्थिक व्यवहारांत लंडनमधील भारतमंत्र्याची अंतिम मंजुरी घ्यावी लागे. या तिन्ही ठिकाणचे धोरण नेहमी एकच असे असे नाही. मुंबई सरकारला शहराच्या वाढीची निकड जाणवत होती. हिंदुस्थान सरकार १८५७ च्या उठावानंतरच्या आर्थिक ताणात खर्चाला व जोखमीला नाखूष होते.

याच सुमारास खाजगी कंपनी काढणे सोपे झाले. १८५७ च्या कायद्याने संयुक्त भांडवलाच्या कंपन्यांना मर्यादित देयतेची सवलत मिळाली; १८६० मध्ये ती बँकांनाही लागू करण्यात आली. भागधारकाची जबाबदारी त्याने घेतलेल्या भागापुरतीच राहिल्याने भांडवल जमवणे सुलभ झाले. सरकारजवळ पैसा नव्हता, पण समुद्राखालील जमिनीवरील हक्क होता. व्यापाऱ्यांजवळ पैसा होता, पण तो हक्क नव्हता. सवलतींचे करार या दोन गोष्टींच्या देवघेवीतून निर्माण झाले.

एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी : मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन (कार. १८५३–६०) यांचे नाव धारण करणारी ही कंपनी १८५८ मध्ये स्थापन झाली. नावाप्रमाणे तिची उद्दिष्टे दोन होती : किनाऱ्यावर जमीन तयार करणे आणि कापसाच्या गाठी बांधणारे प्रेस चालवणे. ही जोडी अर्थपूर्ण होती. देशावरून सैल बांधणीत आलेला कापूस मुंबईत पुन्हा दाबून घट्ट गाठींत बांधल्याशिवाय जहाजातून लांबवर नेणे परवडत नसे. प्रेस धक्क्यालगत असल्यास माल एकाच आवारात उतरवता, साठवता, दाबता व चढवता येई.

१८६२ मध्ये कंपनीने सरकारशी केलेला करार या सर्व कालखंडातील सर्वांत महत्त्वाचा होय. त्यान्वये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेच्या अंतिम स्थानकासाठी १०० एकर जमीन भराव घालून तयार करून देण्याचे कंपनीने पत्करले. त्याच्या मोबदल्यात स्वतःसाठी २५० एकर जमीन समुद्रातून मिळवण्याचा हक्क तिला मिळाला. सरकारच्या दृष्टीने व्यवहार अत्यंत सोयीचा होता. तिजोरीतून रोख रक्कम न देता रेल्वेला लागणारी जमीन मिळत होती, आणि जी जमीन द्यावयाची ती त्या वेळी पाण्याखाली होती. तिची किंमत कोणाच्याही हिशेबात धरलेली नव्हती.

या हिशेबात एक गोष्ट सुटली. कंपनीला मिळाली ती केवळ २५० एकर जमीन नव्हती. त्या जमिनीची समुद्राकडील कडाही तिला मिळाली. भरावापूर्वी किनाऱ्यावर असलेले जुने धक्के भरावानंतर आत गेले व निरुपयोगी झाले. नवा किनारा कंपनीचा झाला. पडाव जेथे लागणार तेथे धक्काभाडे आकारण्याचा अधिकार जमिनीच्या मालकीबरोबर कंपनीकडे गेला. त्या दरांवर, धक्क्यांच्या वापरावर वा हक्काच्या मुदतीवर परिणामकारक नियंत्रण ठेवण्याची तरतूद सरकारने केली नव्हती.

कापसाची तेजी व भराव कंपन्या : १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील संस्थानांच्या बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व हिंदी कापसाला अपूर्व मागणी आली. एका प्रचलित अंदाजानुसार, या युद्धाच्या काळात नेहमीच्या किंमतीवर सु. ८ कोटी १० लाख पौंडांचा जादा पैसा मुंबईत आला. या पैशाला गुंतवणुकीची वाट हवी होती. १८६५ च्या आरंभी शहरात ३१ बँका, १६ वित्तसंस्था, ८ जमीन कंपन्या व १६ प्रेस कंपन्या असल्याची नोंद आहे. गोविंद नारायण माडगावकर यांचे मुंबईचे वर्णन हे पुस्तक १८६३ मध्ये, म्हणजे शहराचे रूप झपाट्याने पालटत असताना प्रसिद्ध झाले. सर बार्टल फ्रीअर (कार. १८६२–६७) यांच्या कारकीर्दीत किल्ल्याचा तट पाडण्यात आला व शहराच्या विस्ताराला मोकळीक मिळाली. पूर्व किनाऱ्यावर एल्फिन्स्टन कंपनीखेरीज माझगाव, फ्रीअर इत्यादी भराव कंपन्या पुढे आल्या.

सर्वांत मोठी योजना मात्र बंदराच्या बाजूला नव्हती. ती पश्चिमेकडील बॅक बेमध्ये भराव घालण्याची होती. बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेला ग्रँट रोडच्या दक्षिणेस कुलाब्यापर्यंत जाण्यासाठी जमीन पाहिजे होती. पूर्व किनाऱ्यावरील कराराचाच नमुना येथे वापरण्यात आला : रेल्वेला व रस्त्याला लागणारी पट्टी कंपनीने तयार करून द्यावी व उरलेली जमीन स्वतः घ्यावी. मुंबई सरकारने या कंपनीत स्वतः ४०० भाग घेण्याचाही विचार केला. हिंदुस्थान सरकारने त्यास मनाई केली. परवानगी देणाऱ्यानेच परवान्याच्या नफ्यात वाटेकरी व्हावे काय, हा प्रश्न अशा रीतीने तेव्हाच उपस्थित झाला. ५,००० रुपयांच्या बॅक बे भागावर सु. ५०,००० रुपयांपर्यंत अधिमूल्य चढले. जमीन अद्याप पाण्याखाली असताना तिच्या भागांची खरेदी-विक्री होत होती. सरकारी करार हाच या भावांचा मुख्य आधार होता. सरकारची संमती म्हणजे सरकारची हमी, असा समज लोकांत पसरला. तो दूर करण्याचा पुरेसा प्रयत्न झाला नाही.

सट्ट्याला बँकांनी पैसा पुरवला. बाँबे बँकेत सरकारचे भागभांडवल होते व तिच्या संचालक मंडळावर सरकारी प्रतिनिधी होते. १८६३ मध्ये नव्या कायद्याने तिच्या कर्जव्यवहारावरील बंधने सैल करण्यात आली आणि त्यानंतर भागांच्या तारणावर कर्जे सढळ हाताने दिली गेली. त्या काळातील प्रमुख दलाल व सट्टेबाज प्रेमचंद रायचंद यांचे या बँकेवरील वजन प्रसिद्ध आहे.

१८६५ मध्ये अमेरिकन युद्ध संपल्याची बातमी मुंबईत पोहोचताच कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांच्या फेडीचा दिवस होता. त्या दिवशी अनेक पेढ्यांना आपली देणी चुकविता आली नाहीत. दिवाळखोरीच्या प्रकरणांचा निकाल लावण्यासाठी त्याच वर्षी खास कायदा करावा लागला. बॅक बे कंपनी गुंडाळण्यात आली. तिने तयार केलेली किनाऱ्यालगतची अरुंद पट्टी अखेर रेल्वेच्या उपयोगी पडली. जुनी बाँबे बँक बुडाली व १८६८ मध्ये तिच्या जागी नवी बँक उभारण्यात आली.

मक्तेदारीचा प्रश्न व सरकारी खरेदी : या पडझडीत एल्फिन्स्टन कंपनीची स्थिती इतरांहून वेगळी होती. तिच्याजवळ प्रत्यक्ष भरलेली जमीन, चालू धक्के व प्रेस होते. ती पूर्णतः कागदावर उभी नव्हती. परंतु हेच सरकारच्या चिंतेचे कारण ठरले. इतर कंपन्या मोडकळीस आल्याने बंदरातील माल चढवण्या-उतरवण्याच्या सोयींचा फार मोठा भाग एकाच खाजगी संस्थेच्या हाती एकवटण्याचा धोका दिसू लागला. कंपनीने दर वाढविल्यास व्यापाऱ्यांना दुसरा धक्का नव्हता, आणि मंदीमुळे तिने पुढील कामे थांबविल्यास शहराला दुसरे बंदर नव्हते. बंदराचा विकास भागधारकांच्या लाभांशावर अवलंबून राहणार, ही गोष्ट व्यापारी वर्गालाही रुचणारी नव्हती. तेजीच्या काळात खाजगी भरावाचे स्वागत करणारे अनेकजण आता सार्वजनिक मालकीची मागणी करू लागले.

सर सीमूर फिट्सजेरल्ड (कार. १८६७–७२) यांच्या सरकारने कंपनीचे बंदरविषयक हक्क व मालमत्ता विकत घेण्याविषयी बोलणी केली आणि भारतमंत्र्यांच्या मंजुरीने १८७० च्या सुमारास हा व्यवहार पुरा झाला. जी कडा १८६२ मध्ये मूल्यहीन समजून देण्यात आली होती, तिची आता पूर्ण किंमत मोजावी लागली. दरम्यान १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला. मुंबई व यूरोप यांतील अंतर कमी झाले व आगबोटींची ये-जा वाढली. पडावांतून माल उतरवून घेण्यासाठी दिवसचे दिवस थांबणे आगबोटींना परवडणारे नव्हते. ज्यात भरतीचे पाणी दारांनी अडवून धरले जाते व जहाजे थेट धक्क्यास लागतात अशा ओल्या गोदीची गरज त्यामुळे तीव्र झाली. एवढे मोठे काम एकसंध किनाऱ्याच्या मालकीशिवाय शक्य नव्हते.

पोर्ट ट्रस्टची स्थापना : १८७३ च्या पहिल्या मुंबई अधिनियमान्वये २६ जून १८७३ रोजी मुंबई पोर्ट ट्रस्ट अस्तित्वात आला. मुंबईच्या टाकसाळीचे प्रमुख कर्नल जे. ए. बॅलार्ड हे त्याचे पहिले अध्यक्ष होत. बॅलार्ड पिअर व बॅलार्ड इस्टेट ही नावे त्यांच्यावरूनच पडली. एल्फिन्स्टन कंपनीकडून घेतलेली मालमत्ता ट्रस्टकडे सोपविण्यात आली आणि तिच्या खरेदीची रक्कम ट्रस्टच्या नावे कर्ज म्हणून मांडण्यात आली. म्हणजे सवलतीची किंमत अखेर धक्काभाडे व बंदरशुल्क देणाऱ्या व्यापारावर, आणि त्याद्वारे माल पिकवणाऱ्या व वापरणाऱ्या लोकांवर पडली.

ट्रस्टची आरंभीची वर्षे अडचणीची गेली. किनाऱ्याचा काही भाग अद्याप खाजगी मालकांकडे होता. ट्रस्टवर कर्जाचा बोजा व सार्वजनिक जबाबदारी होती; खाजगी मालकांवर ती नसल्याने ते दर कमी करून माल आपल्याकडे ओढू शकत. १८७५ मध्ये ससून कुटुंबाच्या पेढीने कुलाब्याजवळ बांधलेली ससून गोदी खुली झाली. पश्चिम भारतातील ही पहिली ओली व्यापारी गोदी खाजगी उद्योगाने बांधली, हे येथे नमूद केले पाहिजे. खाजगी भांडवलाजवळ कल्पकता व धाडस नव्हते असे म्हणता येत नाही. पण एकाच बंदरात दोन तत्त्वांवर चालणारे धक्के फार काळ टिकणे कठीण होते. १८७९ मध्ये ससून गोदी व इतर महत्त्वाच्या खाजगी मिळकती ट्रस्टने विकत घेतल्या आणि त्याच वर्षी नवा पोर्ट ट्रस्ट अधिनियम संमत झाला.

यानंतर गोद्यांची बांधणी वेगाने झाली. टॉमस ऑर्मिस्टन या अभियंत्याच्या योजनेप्रमाणे बांधलेली, सु. ३० एकर जलक्षेत्राची प्रिन्सेस गोदी १८८० मध्ये, व्हिक्टोरिया गोदी १८८८ मध्ये व अलेक्झांड्रा गोदी (पुढे इंदिरा गोदी) १९१४ मध्ये सुरू झाली.

इतर बंदरांतील अनुभव : बंगालमध्ये मातला नदीवर कलकत्त्याला पर्यायी बंदर म्हणून पोर्ट कॅनिंगची योजना आखण्यात आली. १८६५ मध्ये तेथे जमीन, भराव व गोद्या यांसाठी कंपनी निघाली व तिच्या भागांवर मुंबईतही मोठा सट्टा झाला. बंदराकडे जहाजे फारशी वळली नाहीत व १८७० नंतर लवकरच ते सोडून देण्यात आले. गोव्यात मार्मागोवा बंदराचा प्रकार निराळा होता. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर पोर्तुगीज सरकारने १८८१ मध्ये वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे कंपनीला बंदर व ब्रिटिश हद्दीपर्यंतचा लोहमार्ग बांधण्याची सवलत दिली आणि भांडवलावर व्याजाची हमी घेतली. मुंबईत सरकारने जमीन देऊन रोख पैसा वाचवला. गोव्यात सरकारने जोखीम स्वतःकडे घेऊन कंपनीला सुरक्षित केले. अपेक्षेइतकी वाहतूक न मिळाल्याने हमीचा भार पोर्तुगीज तिजोरीवर पडत राहिला. १९०२ मध्ये लोहमार्गाचे संचालन सदर्न मराठा रेल्वेकडे देण्यात आले.

मूल्यमापन : खाजगी कंपन्यांना दिलेल्या सवलतींमुळे मुंबईला अल्पावधीत जमीन मिळाली, ही गोष्ट निर्विवाद आहे. सरकारने केवळ स्वतःच्या पैशावर काम करावयाचे ठरविले असते, तर त्यास बराच अधिक काळ लागला असता. एल्फिन्स्टन कंपनीने घातलेला भराव टिकला व पुढील गोद्यांचा पाया ठरला. दोष भराव घालण्यात नव्हता; तो कराराच्या रचनेत होता. मुदत, दरांवरील नियंत्रण व ठराविक किंमतीस परत घेण्याचा हक्क या तीन अटी त्यात असत्या, तर १८७० ची खरेदी टळली असती किंवा निदान स्वस्तात झाली असती.

किनाऱ्यावर पूर्वीपासून राहणाऱ्यांचा विचार मात्र या साऱ्या करारांत कोठेच आढळत नाही. डोंगरी, मांडवी व माझगाव भागांतील कोळी वस्त्यांच्या दारापुढचा समुद्र भरावामुळे दूर गेला. भरती-ओहोटीमधील पट्टा कायद्याच्या दृष्टीने राजसत्तेचा असला, तरी होड्या ओढून ठेवणे व जाळी वाळविणे या कामांसाठी तो पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या वहिवाटीत होता. मालकी कंपनीकडून ट्रस्टकडे गेल्याने या स्थितीत फरक पडला नाही. सार्वजनिक मालकीच्या भिंतींआडही पूर्व किनारा शहरवासीयांना बंदच राहिला. ट्रस्टच्या मंडळावरही आरंभी यूरोपीय व्यापाऱ्यांचेच वजन अधिक होते. १९०७ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन मर्चंट्स चेंबरला प्रतिनिधित्व त्यानंतरच मिळू शकले.

सरकारी काम हे आपोआप निर्दोष असते असेही नव्हे. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड (कार. १९१८–२३) यांच्या काळात बॅक बेचा भराव सरकारने स्वतःच्या विकास संचालनालयामार्फत हाती घेतला. खर्चाचे अंदाज चुकले, काम रखडले, खु. फ. नरिमन यांनी त्यावर कठोर टीका केली आणि १९२६ मध्ये चौकशी समिती नेमावी लागली. स्वातंत्र्योत्तर काळात प्रमुख बंदरे १९६३ च्या अधिनियमाखाली आली व १९७५ मध्ये तो मुंबईलाही लागू झाला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा येथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेथे १९९७ मध्ये एका खाजगी कंपनीस धक्का बांधून चालविण्याची सवलत देण्यात आली, तेव्हा कराराची मुदत ३० वर्षे ठरविण्यात आली व जमीन सार्वजनिक मालकीचीच ठेवण्यात आली. २०२१ च्या नव्या कायद्यान्वये पोर्ट ट्रस्टच्या जागी मुंबई पोर्ट ऑथॉरिटी आली. तिच्या ताब्यातील पूर्व किनाऱ्याच्या जमिनीचा मोठा भाग एकोणिसाव्या शतकातील याच भरावांतून निर्माण झाला आहे. त्या जमिनीचा उपयोग कोणासाठी व्हावा, या वादाची मुळे १८६२ च्या करारापर्यंत मागे जातात.